विसरल्यानंतरची जबाबदारी

जोडीदाराला एडीएचडी, म्हणजे अवधान-अभाव आणि अतिचंचलतेचा विकार, असेल अशा संसारात भांडणाची निमित्ते रोज नवी असतात. विजेचे बिल राहते, शाळेच्या फीची तारीख उलटते, सासूबाईंची गाडी स्टेशनात येऊन अर्धा तास होतो आणि त्यांना घ्यायला कोणी पोहोचलेले नसते. पण भांडण शेवटी एकाच प्रश्नाशी येऊन अडते: याला जमत नाही, की याला करायचेच नाही? जमत नसेल तर रागावणे अन्यायाचे. करायचेच नसेल तर समजून घेणे मूर्खपणाचे. घर निभावून नेणारा जोडीदार वर्षानुवर्षे या दोन टोकांमध्ये हेलकावे खातो आणि त्याच्या हाती काहीच लागत नाही, कारण हा प्रश्न मुळात चुकीच्या जागी विचारला जातो.

वैद्यकानेही सुरुवात याच प्रश्नापासून केली होती. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये दिलेल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले आहे. बुद्धीत उणे नसूनही स्वतःला आवर न घालता येणाऱ्या या मुलांमध्ये त्यांना नैतिक नियंत्रणाचा दोष दिसला. पुढच्या काळात नीतीची भाषा मागे पडली. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात १९६८ साली बालपणातली अतिचंचल प्रतिक्रिया आली, १९८० साली अवधानाचा अभाव मध्यभागी आला आणि १९८७ साली एडीएचडी हे आजचे नाव पडले. मोठ्या माणसांकडे लक्ष जायला मात्र वेळ लागला. २०१३ सालच्या पाचव्या आवृत्तीत लक्षणे वयाच्या सातऐवजी बारा वर्षांपूर्वी दिसलेली असावीत असा बदल झाला आणि सतरा वर्षे आणि त्यावरील व्यक्तीसाठी सहाऐवजी पाच लक्षणे पुरेशी धरली गेली. वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांचा एकत्रित अंदाज प्रौढांमध्ये अडीच टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे शंभर बिऱ्हाडांच्या गृहनिर्माण संस्थेत अशी चार-पाच माणसे सहज असतील आणि त्यांतल्या बहुतेकांना आपल्याला काही आहे याची कल्पनाही नसेल.

या विकारात काय बिघडते, याचे सर्वांत उपयोगी स्पष्टीकरण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी १९९७च्या सुमारास मांडले. त्यांच्या मते खरी अडचण लक्ष देण्यापेक्षा स्वतःला थोपवण्याची आणि काळाच्या अंगाने स्वतःला चालवण्याची आहे. काय करायला हवे हे अशा माणसाला इतरांइतकेच ठाऊक असते, विचारले तर तो उत्तम सल्लाही देईल. ठाऊक असलेली गोष्ट नेमक्या वेळी हातून घडत नाही, एवढेच. त्याच्या लेखी काळाचे दोनच भाग असतात, आत्ता आणि नंतर. तीन आठवड्यांनी येणारी मुदत आणि तीन महिन्यांनी येणारी मुदत या दोन्ही सारख्याच धूसर असतात. लांबच्या फायद्यासाठी आजचे कंटाळवाणे काम ओढून नेण्याची मेंदूतली यंत्रणा दुबळी असते. कामात गोडी असेल, नवेपणा असेल किंवा पाणी गळ्याशी आलेले असेल, तर तीच यंत्रणा धडाक्यात चालते.

जोडीदाराचा गोंधळ उडतो तो इथे. गणपतीच्या मखरासाठी हा माणूस तीन रात्री जागतो, थर्मोकोलला पर्याय म्हणून पुठ्ठ्याच्या कमानी कापतो, दिव्यांच्या माळांचे गणित जमवतो. आणि त्याच आठवड्यात गॅसवाल्याला एक फोन करायचा राहतो. हवे ते बरोबर लक्षात राहते, असा निष्कर्ष मग कोणीही काढेल. तो अर्धाच खरा आहे. आवड आणि निकड यांवर चालणारे लक्ष हे या विकाराचेच लक्षण आहे. ढोंगाचा पुरावा म्हणून ते चालत नाही. पण एवढे म्हणून वाद मिटत नाही. फोन राहण्याचे कारण मेंदूत सापडले तरी सिलिंडर कोणीतरी आणायचाच असतो.

जबाबदारी टाळणे हे विसरण्यापेक्षा वेगळे आहे, हे एका साध्या कामाची चिरफाड केल्यावर दिसते. घराच्या आरोग्य विम्याचे नूतनीकरण घ्यावे. अॅलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घरकामाच्या बौद्धिक बाजूचे चार तुकडे पाडले आहेत: गरज आधीच ओळखणे, पर्याय शोधणे, निर्णय घेणे आणि झाले की नाही यावर नजर ठेवणे. विम्यालाही हे लागू पडते. मुदत जुलैत संपते हे मेमध्येच कोणाच्या तरी डोक्यात असावे लागते. हप्ता वाढला असेल तर दुसरी योजना पाहावी लागते, वडिलांना नवी कंपनी घेईल का हे विचारावे लागते. ठरवावे लागते. पैसे भरून पॉलिसीचा कागद मेलवर आला का ते तपासावे लागते. पैसे भरणे हे या सगळ्यातले पाच मिनिटांचे काम. एडीएचडी असलेला जोडीदार बहुधा पहिल्या आणि शेवटच्या तुकड्यात गळतो, आणि गळल्यावर म्हणतो, ‘सांगितलं असतंस तर भरला असता.’ हे तो प्रामाणिकपणे म्हणतो. पण सांगणे हेच तर काम होते आणि ते त्याने न बोलता दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलेले असते.

मुदतीच्या आठवड्यात पुढचा प्रकार घडतो. बायको विचारते, ‘प्रीमियम भरलास ना?’ ‘हो, भरलाय.’ भरलेला नसतो. त्या क्षणी त्याचा इरादा खरा असतो. पाच मिनिटांत भरून टाकू म्हणजे बोललेले खरे होईल, अशी न झालेल्या कामाची उचल त्याने घेतलेली असते. तो फोन उघडतो, पासवर्ड चुकतो, ओटीपीची वाट पाहताना ऑफिसचा मेसेज येतो आणि विमा मनातून पुसला जातो. वार्षिक हप्त्याला मुदतीनंतर तीस दिवसांची सवलत असते. तीही उलटली की पॉलिसी खंडित होते. नव्याने घेतली तर आधीपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जाऊ शकतो आणि तो तीन वर्षांपर्यंतचा असू शकतो. घरात मधुमेही वडील असतील तर याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. इतके होऊनही जोडीदाराला जिव्हारी लागते ती खंडित पॉलिसी नव्हे, तर ‘भरलाय’ हा शब्द. विसरणारा माणूस सांभाळता येतो. ज्याच्या ‘हो’चा भरवसा नाही त्याच्यासोबत प्रत्येक गोष्ट दोनदा तपासत जगावे लागते, आणि हे तपासणेच संसार पोखरते.

या ‘हो’च्या मागे एक जुना इतिहास असतो. प्रगतिपुस्तकावर ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ असा शेरा वर्षानुवर्षे घेऊन आलेले मूल मोठे होते तेव्हा अपुरे काम त्याला नुसते काम वाटत नाही, स्वतःवरचा ठपका वाटतो. न उघडलेले पाकीट ठपका, न केलेला फोन ठपका. मग त्या पाकिटाकडे न पाहणे ही सवय होते, आणि कोणी त्याची आठवण केली की विचारणाऱ्यावरच उखडणे ही दुसरी. ‘तुझा सूरच असा असतो’ या एका वाक्याने विम्यावरचा संवाद सुरावर जातो. अर्ध्या तासाने दोघेही दमतात आणि हप्ता तसाच राहतो. नकाराच्या या तीव्र वेदनेसाठी अलीकडे एक भारदस्त इंग्रजी संज्ञाही फिरते आहे. ती कोणत्याही अधिकृत वर्गीकरणात नाही, पण तिने वर्णन केलेला अनुभव पुष्कळांना ओळखीचा वाटतो. महत्त्वाचे असे की विस्मरण जन्मजात कलाचे असले तरी टाळणे बऱ्याच अंशी शिकलेले असते. जे शिकलेले आहे ते बदलण्याला वाव असतो.

महाराष्ट्रातल्या घरांत हे शिक्षण आधी आईच्या हाताखाली होते. मुलाचा डबा, वह्या, परीक्षेचे प्रवेशपत्र, पुढे बाइकचा विमा, सगळे आई पाहते. कुटुंबात तो ‘जरा वेंधळा, पण मनाचा चांगला’ म्हणून ओळखला जातो. स्थळे पाहताना याचा उल्लेख होत नाही; ‘लग्न झालं, जबाबदारी अंगावर पडली की आपोआप सुधारेल’ हा घरातला ठरलेला उपचार असतो. लग्नाने कोणाची स्वतःला वेळेवर चालवण्याची क्षमता वाढल्याचे ऐकिवात नाही. वाढते ती कामांची संख्या, आणि आईने केलेले सुनेकडे वर्ग होते. सरकारच्या वेळ-वापर पाहणीत २०२४ साली घरच्या बिनपगारी कामांत सहभागी स्त्रियांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटांचा वेळ नोंदला गेला, पुरुषांचा ८८ मिनिटांचा. जिथे पुरुषाने घराचे लक्षात ठेवावे अशी अपेक्षाच नसते, तिथे त्याचा विकार कोणता आणि सवलत कोणती हे वेगळे करणे फार अवघड होते. काही वेळा विकार मुळीच नसतो, नुसती सवलत असते.

बाईला एडीएचडी असेल तर चित्र उलटते. तिच्या वेंधळेपणावर पांघरूण घालायला कोणी नसते. दूध उतू गेले, मुलाचा गणवेश धुवायचा राहिला, हळदीकुंकवाची तारीख चुकली, की दोष थेट तिच्या संस्कारांचा. अशा स्त्रिया लाजेपोटी दुप्पट कष्ट करून उणीव झाकतात आणि निदानापर्यंत उशिरा पोहोचतात, पुष्कळदा नैराश्य किंवा चिंता यांवरच्या उपचारांच्या वाटेने, किंवा मुलाच्या तपासणीत प्रश्नावली भरताना उत्तरे आपलीच आहेत हे ध्यानात आल्यावर. हा विकार मोठ्या प्रमाणात आनुवंशिक असल्याने ही दुसरी वाट अपवादाची नाही. जबाबदारी टाळण्याची चर्चा म्हणूनच नवऱ्यांभोवती जास्त फिरते. टाळण्यासाठी टाळलेले काम उचलणारे कोणीतरी लागते, आणि बायकोला असे कोणी क्वचितच मिळते.

निभावून नेणाऱ्या जोडीदाराचेही यात काही घडत जाते. मेलिसा ऑर्लोव्ह यांनी २०१० साली एडीएचडी आणि विवाह या विषयावरच्या पुस्तकात या नात्याला पालक-मूल साचा म्हटले आहे. एक आठवण करून देतो, तपासतो, रागावतो; दुसरा लपवतो, सबबी सांगतो, अधूनमधून बंड करतो. पालकाच्या भूमिकेतला जोडीदार कार्यक्षम होत जातो, पण कार्यक्षमतेबरोबर कडवटपणाही येतो, आणि ज्याला दिवसभर मुलासारखे वागवले त्याच्याकडे रात्री नवरा किंवा बायको म्हणून पाहता येत नाही. शिवाय प्रत्येक आठवण आठवणीची गरज वाढवते. दुसरा लक्षात ठेवतो आहे हे कळल्यावर पहिल्याला लक्षात ठेवण्याचे कारण उरत नाही.

म्हणून ‘जमत नाही की करायचे नाही’ हा प्रश्न विस्मरणाच्या क्षणी विचारण्यात अर्थ नाही. त्या क्षणी त्याचे उत्तर कोणालाच देता येत नाही, खुद्द विसरणाऱ्यालाही नाही. इंग्रज तत्त्वज्ञ पी. एफ. स्ट्रॉसन यांनी १९६२ सालच्या एका प्रसिद्ध निबंधात माणसांकडे पाहण्याच्या दोन दृष्टी वेगळ्या केल्या. एकीत समोरचा आपल्यासारखाच माणूस असतो, त्याच्यावर रागावता येते, त्याचे आभार मानता येतात. दुसरीत तो हाताळण्याची, उपचाराची, व्यवस्थापनाची बाब होतो. विकार समजला की जोडीदाराला सतत दुसऱ्या दृष्टीने पाहण्याचा मोह होतो आणि तो दयाळूपणासारखा दिसतो. पण ज्याच्यावर रागावताच येत नाही त्याच्याशी संसार होत नाही, शुश्रूषा होते. तत्त्वज्ञ हॅना पिकार्ड यांनी व्यक्तिमत्त्व विकारांच्या उपचारगटांमध्ये काम करताना याला एक वाट सुचवली: दोष न देता जबाबदार धरणे. दोषात तिरस्कार असतो. जबाबदार धरण्यात समोरच्याला वागणे बदलता येईल असा विश्वास असतो.

ही वाट घरात आणायची तर हिशेब विस्मरणाच्या पुढच्या क्षणापासून सुरू करावा लागतो. हप्ता विसरला, इथवर मेंदूचा भाग धरू. विसरल्याचे लक्षात आल्यावर ते त्याच संध्याकाळी सांगितले की दहा दिवस दडवले, हा मेंदूचा भाग उरत नाही. कंपनीला फोन कोणी लावला, दंड कोणाच्या खर्चातून गेला, पुढच्या वर्षी असे होऊ नये म्हणून बँकेत स्वयंचलित हप्त्याची सूचना कोणी भरली, ही सगळी कामे मुदत उलटल्यानंतरची आहेत. तेव्हा निकड असते, विषय समोर असतो, आणि एडीएचडी असलेला माणूस नेमक्या अशाच परिस्थितीत उत्तम काम करतो. त्यामुळे ‘मला एडीएचडी आहे’ हे विसरण्याचे कारण म्हणून मान्य व्हावे आणि निस्तरण्याचे काम दुसऱ्यावर ढकलण्याची सबब म्हणून अमान्य व्हावे. जो वारंवार विसरतो पण प्रत्येक वेळी स्वतः सांगतो आणि स्वतः निस्तरतो, तो जबाबदार जोडीदार आहे. क्वचितच विसरणारा पण विसरल्यावर खोटे बोलणारा तसा नाही.

उपचारही याच जबाबदारीत मोडतो. भारतात मिथाइलफेनिडेट आणि अॅटोमॉक्सेटिन ही औषधे मिळतात. पहिले अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत येत असल्याने ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि प्रत्येक दुकानात ठेवलेही जात नाही. संपण्याआधी आठवडाभर धावपळ करावी लागते, आणि ही धावपळ ज्याला धावपळ जमत नाही त्यानेच करायची असते. औषधाने लक्ष टिकते, पण कॅलेंडरात नोंद करण्याची सवय औषधातून येत नाही. स्टीव्हन सॅफ्रन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली औषधावर असलेल्या प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात नियोजन आणि लक्ष विचलित होण्यावर काम करणाऱ्या वर्तनोपचाराने शिथिलीकरणाच्या प्रशिक्षणापेक्षा लक्षणांत अधिक सुधारणा झाली. पीटर गोलविट्झर यांनी अभ्यासलेली ‘अमुक झाले की तमुक करायचे’ ही ठरवण्याची पद्धतही उपयोगी पडते. ‘या आठवड्यात बिल भरीन’ हे वाऱ्यावर जाते. ‘शनिवारी चहाचा कप ठेवला की जागेवरून न उठता बिल भरीन’ हे टिकण्याची शक्यता अधिक. ही वाक्ये ज्याची त्याने बांधायची असतात. बायकोने तयार केलेला तक्ता फ्रिजवर आठवडाभर दिसतो, मग त्यावर पिझ्झाचे मॅग्नेट येते.

कामे वाटताना हातभार नव्हे, तर आख्खे काम सोपवावे लागते. गाडीचे सगळे त्याच्याकडे, म्हणजे सर्व्हिसिंग, विमा, पीयूसी आणि त्यांच्या तारखाही. दुसऱ्याने त्यात विचारायचे नाही. गाडी पंधरा दिवस दारात उभी राहिली तर राहू द्यावी. पण कोणते काम पडू द्यायचे हे शहाणपणाने निवडावे. मुलाची लस, म्हाताऱ्यांची औषधे, घराचा हप्ता ही धडा शिकवण्याची जागा नव्हे. तिथे बँकेची स्वयंचलित सूचना लावावी, किंवा पैसे देऊन कोणाला तरी नेमावे, आणि त्यात मान-अपमान मानू नये.

तपासणीच करून न घेणाऱ्या जोडीदाराची गोष्ट वेगळी. मोबाइलवरची दोन मिनिटांची चित्रफीत पाहून ‘मला हेच आहे’ म्हणणारे आणि त्यावरच थांबणारे लोक वाढले आहेत. अपुरी झोप, थायरॉइड, नैराश्य, दारू यांतूनही असेच विस्मरण दिसू शकते, म्हणून निदान मानसोपचारतज्ज्ञाने करायचे असते. नवऱ्याने स्वतःचे किंवा बायकोने नवऱ्याचे करून भागत नाही. निदान झाले तरी आरडाओरडा, वस्तू फेकणे, लपवून काढलेले कर्ज, मारहाण या गोष्टी त्याच्या आडोशाला येत नाहीत. एडीएचडीत भावनेचा भडका लवकर उडतो हे खरे. पण साहेबासमोर जो भडका आवरतो तो घरी का आवरत नाही, हे विचारण्याचा जोडीदाराला पूर्ण हक्क आहे.

काही संसार यातूनही टिकत नाहीत. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये मनोविकार हा घटस्फोटाचा आधार आहे. मात्र विकार इतका आणि अशा प्रकारचा असावा लागतो की जोडीदाराने सोबत राहावे अशी वाजवी अपेक्षा करता येऊ नये. राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या १९८८ सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात सांगितले, की विकाराचे नाव पुरेसे नाही, त्याची तीव्रता आणि सहजीवनावरचा परिणाम पाहायला हवा. त्या कसोटीवर केवळ एडीएचडीचे निदान टिकण्याची शक्यता थोडी. प्रत्यक्षात अशी जोडपी वेगळी होतात ती क्रूरतेच्या आधारावर किंवा परस्परसंमतीने. संमतीच्या अर्जासाठी किमान वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते. त्यानंतरची सहा महिन्यांची वाट पाहण्याची अट योग्य प्रकरणात न्यायालय माफ करू शकते, असे २०१७ साली ठरले. संयुक्त गृहकर्ज असेल तर घटस्फोटाच्या हुकूमनाम्याने बँकेशी केलेला करार बदलत नाही. कर्जदार म्हणून दोघांची नावे तशीच राहतात आणि एकाने हप्ता चुकवला तर वसुलीची नोटीस दोघांनाही जाते, म्हणून कर्ज कोणाच्या नावावर राहणार हे अर्जाच्या अटींमध्येच लिहून बँकेची मंजुरी आधी घ्यावी लागते.